रबर, थंडी आणि एक न सांगितलेली अट

मित्रहो, आजचा विषय बघून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवलेला म्हातारा मोटारीच्या टायरवर काय बोलणार? पण त्याला कारण घडलं. काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे जर्मनीत होतो. नोव्हेंबरची सकाळ होती. बर्फाचा पत्ता नाही, रस्ता जेमतेम ओलसर. जावयांच्या गाडीला वेगवान गाड्यांचे उन्हाळी टायर होते. चौकात त्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी थेट पादचारी पट्ट्यांवर जाऊन थांबली. समोर दप्तर घेतलेली दोन मुलं उभी होती. सुदैवानं काही झालं नाही. जावई एवढंच म्हणाले, "बाबा, टायर तर नवेकोरे आहेत हो!"

त्या वाक्यात एक जुनी चूक दडलेली आहे. ती शोधायला थोडं मागे जाऊ.

१८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. कल्पना उत्तम, पण तो अंगरखा उकाड्यात चिकट व्हायचा आणि थंडीत पत्र्यासारखा ताठ. अमेरिकेतही रबरी वस्तूंची लाट आली नि याच दोषापायी ओसरली. चार्ल्स गुडइयर मात्र हट्टाला पेटले. १८३९ मध्ये त्यांना आढळलं, की गंधक मिसळून तापवलेलं रबर उन्हात वितळत नाही, थंडीत कडक होत नाही. १८४४ मध्ये पेटंट मिळालं. १८६० मध्ये ते वारले ते कर्ज मागे ठेवूनच. त्यांच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली निघाली. तिच्याशी त्यांचा संबंध नव्हता.

लोकांना वाटलं, हिवाळ्याचा प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता, फक्त मागे सरकला होता. प्रत्येक रबराला एक तापमान असतं, ज्याच्या खाली ते काचेसारखं होतं. नैसर्गिक रबराचं ते उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास. उन्हाळी टायरचं मिश्रण मात्र गरम रस्त्यावर घट्ट धरावं म्हणून मुद्दाम असं बनवतात, की ते त्याच्या कितीतरी आधीच ताठरतं. आता पकड म्हणजे काय? रस्त्याच्या बारीक खडबडीत रबरानं दबून शिरणं. ताठ रबर शिरत नाही, वरून घसरतं. म्हणून तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की टायर बदला, असं युरोपात सांगतात. बर्फ असो वा नसो. कडाक्याच्या थंडीत तर अशा टायरला तडेही जाऊ शकतात.

फिनलंडच्या लोकांना हे लवकर उमगलं. तिथे १९३४ मध्ये मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर निघाला, १९३६ मध्ये मोटारींसाठी. जर्मनीनं २०१० मध्ये कायदा स्पष्ट केला: रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर तसेच टायर हवेत.

ही गोष्ट टायरपुरतीच असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उडालं तेव्हा तापमान जेमतेम २ अंश होतं. आदल्या रात्री काही अभियंत्यांनी थंडीबद्दल इशारा दिला होता. तो मानला गेला नाही. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी ताठरली, आणि सात माणसं गेली. पुढे रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीत तेच रबर बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवलं. एका पेल्यात मावेल एवढा पुरावा!

आपल्या न्यायदर्शनात एक शब्द आहे, उपाधी. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे अनुमान चुकतं, कारण धुराला ओलं सरपण लागतं. ती अट कुणी बोललेली नसते. 'नवा टायर म्हणजे पक्की पकड' हेही तसंच. त्याची न बोललेली अट ऊब ही होती. आधीची उड्डाणं निभावली, म्हणून हेही निभावेल, हे अनुमानही त्याच जातीचं.

तेव्हा एखादी वस्तू चांगली आहे असं कुणी म्हटलं, की एवढंच विचारा: कुठे, आणि कोणत्या हवेत? माझ्या जावयांनी त्याच आठवड्यात टायर बदलले.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.