कुटुरग्याच्या रक्तातील जुने नाव

पन्हाळ्याच्या तबक उद्यानात उन्हाळ्यात 'कुटूर्र कुटूर्र' अशी साद ऐकू येते. हा कुटुरगा. याच्या कुळातील पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत हिमोप्रोटियस नावाचा एकपेशीय परजीवी आढळतो. आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते, पक्ष्यांच्या पेशीत असते. त्या केंद्रकाला वळसा घालून हा पाहुणा बसतो.

मलेरिया शिकवताना आपण रोनाल्ड रॉसचा डास सांगतो आणि चिमणी विसरतो. १८९८ साली कलकत्त्यात रॉसने डासातून होणाऱ्या प्रसाराचे पूर्ण चक्र दाखवले, ते पक्ष्यांच्या मलेरियाचे! हिमोप्रोटियस या परजीवीचाच भाऊबंद. त्याला मात्र डास नव्हे, रक्त पिणारी बारीक चिलटे व माश्या पसरवतात.

भारतीय पक्ष्यांतील हिमोप्रोटियसच्या अनेक जाती प्रथम वर्णिल्या त्या गोव्याच्या फ्रोइलानो द मेलो यांनी. बाणावलीत १८८७ साली जन्मलेले हे डॉक्टर पणजीच्या वैद्यकीय शाळेचे संचालक होते. १९३५ साली त्यांनी भारद्वाज, खंड्या, भोरडी यांच्या रक्तातील जाती नोंदल्या. कुटुरग्याकडील जातीला त्यांनी 'थेरिसेरिक्स' म्हटले, कारण कुटुरग्याच्या प्रजातीचे तेव्हाचे नाव तेच होते. पुढे पक्ष्याचे नाव दोनदा बदलले. जुने उरले ते परजीवीकडे.

मेलोंच्या हाती केवळ रंगवलेला रक्तलेप होता. आता सायटोक्रोम-बी जनुक वाचून अशा जुन्या जाती पुन्हा तपासल्या जातात; काही टिकतात, काही एकमेकींत विरतात.