लढाईची गोष्ट मुलांना सांगताना

मुलांना लढाईची गोष्ट आवडते. दिवाळीत मातीचा किल्ला करणारी पोरे बुरुजावर मावळे मांडतात, ती काही सनावळीच्या प्रेमापोटी नव्हे. लढाईत पेच असतो, धोका असतो, पुढे काय होणार याची हुरहुर असते. तेव्हा रंजकतेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. अडचण वेगळी आहे. गोष्ट रंगावी म्हणून आपण एका बाजूला सगळे सज्जन आणि दुसऱ्या बाजूला सगळे दुष्ट उभे करतो. मग वर्गात ‘खान’ हे नाव आले, की साऱ्या माना एकाच बाकाकडे वळतात.

पानिपतचेच पाहा. १४ जानेवारी १७६१ची ही लढाई ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ म्हणून सांगितली तर दोन वाक्यांत संपते आणि खोटीही ठरते. मराठ्यांच्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा सरदार होता इब्राहिमखान गारदी. निजामाची चाकरी सोडून तो पेशव्यांकडे आला होता. त्या दिवशी त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. पराभवानंतर तो पकडला गेला आणि शत्रूच्या कैदेत मेला. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर मराठ्यांकडून लढला. जखमी होऊन जाटांच्या मुलखात वारला. उलट अब्दालीला मिळालेल्या शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनूपगिरी गोसाव्याचे लढवय्ये होते.

हे ऐकले की मूल विचारते, “असे कसे?” गोष्ट खरी रंगते ती इथून.

मग भुकेची गोष्ट सांगावी. भाऊसाहेबांची छावणी दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडली गेली होती. सैनिकांबरोबर यात्रेकरू होते, बायकामुले होती. रसदीची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६०मध्ये मारले गेले. धान्य संपले आणि उपाशी माणसे मैदानात उतरली. वाचून परतलेल्यांना सूरजमल जाटाने आसरा दिला, खाऊ घातले. तलवारीच्या खणखणाटाइतकीच ही भाकरीची गोष्टही मुलांना धरून ठेवते. शिवाय लढाईची किंमत कोण मोजतो, हेही तिच्यातून कळते.

एक पथ्य मात्र आपणही पाळावे. इब्राहिमखानाचे नाव आपल्या मुलांना निष्ठेचा दाखला म्हणून पाठ करायला लावू नये. तो पगारी सरदार होता आणि घेतलेल्या चाकरीशी त्याने इमान राखले, एवढे पुरे आहे. वर्गातल्या त्या बाकावरच्या मुलाला कुणापुढे पुरावा द्यावा लागू नये. इतरांसारखीच त्यालाही गोष्ट ऐकता यावी.