पोरांची टकळी

शाळेसाठी जुन्या टकळ्या निवडताना मी आधी दांडी पाहतो. बोटांत गिरकी द्यायची. टोक थरथरलं की टकळी बाजूला. वाकड्या दांडीवर सूत तुटत राहतं आणि पोरगं बिचारं स्वतःलाच दोष देतं.

वर्ध्यात 22-23 ऑक्टोबर 1937 ला शिक्षण परिषद भरली. मग डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला आणि लहानग्यांच्या हाती टकळी आली. पेटीचरखा का नाही? येरवड्याच्या तुरुंगात घडलेलं ते यंत्र देखणं खरं, पण माळ, चाकं, चात्याचा कोन सांभाळणं सात वर्षांच्या मुलाचं काम नव्हे. टकळीत बिघडण्यासारखं आहेच काय? सळई, चकती, वर आकडी. पेळूसकट पिशवीत मावते. शिवाय गणित फुकट: चार फुटांचा तार, 640 तारांची गुंडी.

विनोबा भाव्यांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीत कताईच्या मजुरीवर जगून पाहिलं. पोरांवर मात्र कमाईची सक्ती नको, असं माझं मत. नवख्याला मी जराशी जड चकती देतो. ती जास्त वेळ फिरते, सूत जाड निघतं, निघू दे. बारीक सुताची हलकी टकळी नंतर.