वैद्याचा पहिला प्रश्न : वय किती?

१/ नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद, दोन्ही शाखांच्या पदव्या ते देते. या शाखांची निदानपद्धती वेगळी, औषधे वेगळी. पण सांधे सुजलेला रुग्ण समोर बसला की दोघीही वय विचारतात. त्या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ मराठीत सगळ्या सांधेदुखीला सरसकट ‘संधिवात’ म्हणतात. त्यात दोन भिन्न व्याधी मिसळतात. एक, वयोमानाने होणारी सांध्यांची झीज. दुसरी रुमेटॉइड आर्थ्रायटिस. हिच्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. ही विशीत जडते, तशी सत्तरीतही.

३/ आयुर्वेदात तिच्या सर्वांत जवळचे वर्णन ‘आमवाता’चे. सुमारे ७व्या-८व्या शतकातील माधवकराने ‘माधवनिदाना’त त्याला स्वतंत्र प्रकरण दिले. ११व्या शतकात चक्रपाणिदत्ताने लंघन, स्वेदन, विरेचन, बस्ती असा चिकित्साक्रम सांगितला. विरेचनासाठी एरंडेल विशेष मानले गेले.

४/ पण असे उपाय सर्वांना सारखेच द्यायचे नव्हते. चरकसंहितेत रुग्णपरीक्षेचा एक भाग वय हा आहे : ३० पर्यंत बाल, ६० पर्यंत मध्य, पुढे जीर्ण. सुश्रुतसंहिता बालक आणि वृद्ध यांना डागणे, क्षार आणि विरेचन वर्ज्य सांगते. मात्र रोग त्यानेच बरा होणारा असेल, तर तोच उपचार सौम्यपणे, हळूहळू करावा, असेही ती लगेच सांगते.

५/ युरोपात आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये या व्याधीला ‘रुमेटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले. १८९७ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी जुनाट सांधेविकाराच्या २२ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. सांधे धरणे हे केवळ म्हातारपणाचे दुखणे नव्हे, हे त्यातून ठळक झाले.

६/ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिझोन टोचले. अंथरुणाला खिळलेली ती रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

७/ आनंद फार टिकला नाही. दीर्घकाळ दिलेल्या कॉर्टिझोनने मुलांची वाढ खुंटते. वृद्धांची हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर चढते. औषध एकच, पण प्रत्येक वयाला त्याची किंमत निराळी.

८/ पुढचे वळण मेथोट्रेक्सेटचे. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूने अमिनोप्टेरिन घडवले; मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला या व्याधीसाठी मान्यता मिळाली. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. वृद्धाचे मूत्रपिंड मंदावलेले असल्यास मात्रा घटवावी लागते. तरुण स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ते थांबवावे लागते.

९/ महाराष्ट्रात हे दुखणे किती? १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने घरोघर पाहणी सुरू केली. रुमेटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण हजार प्रौढांमागे सुमारे ५ आढळले. एका खेड्यापुरता हा आकडा लहान वाटतो. राज्याच्या लोकसंख्येला लावला की त्याचे वजन कळते.

१०/ तरीही दोन वाक्ये घराघरांत ऐकू येतात. तरुणीला : ‘या वयात कसला संधिवात?’ आजीला : ‘या वयात दुखायचेच.’ दोन्ही वाक्यांनी उपचार लांबतो. आणि या व्याधीत एकदा वाकडा झालेला सांधा औषधाने पूर्ववत होत नाही.

११/ आज दोन्ही वयांत उद्दिष्ट एकच मानले जाते : सूज लवकरात लवकर आटोक्यात आणणे. फरक असतो तो मात्रेत आणि देखरेखीत. सुश्रुतसंहितेनेही वृद्धाचा उपचार सौम्य करायला सांगितले, सोडून द्यायला नव्हे. ‘वय किती?’ हा प्रश्न औषध बेतण्यासाठी आहे; दुखणे झटकून टाकण्यासाठी नाही.