सरासरीखालचा माणूस

कुपवाडच्या एमआयडीसीजवळ अम्मी खानावळ चालवायची. पीठ काढताना तिचा हिशेब ठरलेला असे: माणशी चार भाकऱ्या. प्रत्यक्षात बरोबर चार खाणारे थोडेच. फाउंड्रीतला कामगार सहा खायचा, ऑफिसातला कारकून अडीचवर हात धुवायचा. तोच कामगार रात्रपाळीनंतर दोनवर उठायचा. रमजानात दुपारी अर्धी ताटं पालथीच राहायची. दोन खाणाऱ्याला अम्मीनं कधी उपाशी म्हटलं नाही. पण पोट भरून कोण उठला आणि खिसा चाचपून कोण उठला, हे तिला कळायचं.

पुढे कॉलेजात ‘यादृच्छिक चल’ शिकलो, तेव्हा ही खानावळच आठवली. पुढचा माणूस किती भाकऱ्या खाईल हे आधी सांगता येत नाही. पण किती खाणारे किती प्रमाणात येतात, हे मांडता येतं. ती मांडणी म्हणजे संभाव्यता वितरण. बहुतेक जण सरासरीजवळ आणि थोडे दोन्ही टोकांना, अशी घंटेच्या आकाराची मांडणी म्हणजे प्रसामान्य वितरण. १७३३ साली द म्वाव्र यांना ती नाणेफेकीच्या गणितात सापडली.

हेच गणित भारतातल्या भुकेच्या वादात आणणारे संख्याशास्त्रज्ञ आपल्या शेजारचे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. लंडनला शिकून आल्यावर त्यांनी शेतीच्या उत्पन्नाचे नमुना-अंदाज घेण्याच्या पद्धती बसवल्या. १९५१ पासून ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते.

१९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गरिबीची रेषा आखली. आधार होता माणशी रोज २,२५० कॅलरींचा. सुखात्म्यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की शरीराची गरज हा ठरलेला आकडा नाही, तो चल आहे. ती माणसागणिक बदलते, एकाच माणसाची दिवसागणिकही बदलते. सरासरीवर रेषा मारली, तर सगळे पोटभर जेवत असले तरी निम्मे लोक उपाशी ठरतील. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करा आणि तिथे रेषा मारा. प्रसामान्य वितरणात त्या रेषेखाली जेमतेम अडीच टक्के येतात. त्याहून कमी खाणारा बहुधा खरोखरच उपाशी.

गणित चोख होतं. पण रेषा खाली सरकली, की उपाशी माणसांचा आकडाही घटतो. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांच्यासारख्यांनी बजावलं, की शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं ते किंमत मोजून. लहानपणी उपाशी राहिलेलं मूल खुजं राहतं, मग त्याची ‘गरज’ही कमीच निघते!

मला दोन्ही बाजू पटतात. वरची रेषा धडधाकट माणसाला उपाशी ठरवते. खालची रेषा सहा भाकऱ्यांची गरज असलेल्या माणसाला चार मिळाल्या, की त्याला तृप्त ठरवते. फरक इतकाच, की पहिल्या चुकीत सरकारचं धान्य जास्त जातं, दुसरीत माणसाचं अंग झिजतं.

रोज्याचं पालथं ताट आणि खिसा रिकामा म्हणून पालथं राहिलेलं ताट मोजणीत सारखंच. ते का पालथं आहे, हे विचारावं लागतं. अम्मी विचारायची.