तिसऱ्या वर्गातली नीज

आठवीच्या तासाला आम्ही रेल्वेचा इतिहास शिकवीत होतो. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल, १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी. फळ्यावर आकडे लिहून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, लंबी गाडी में लोग रात को सोते कहाँ थे?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण उत्तर आमच्यापाशी नव्हते. पाठ्यपुस्तकातली गाडी दुपारी निघते आणि ठाण्याला पोहोचून थांबते. तिच्यात रात्र होतच नाही. पुढच्या महिन्यात याच मुलांना घेऊन मनमाडहून रात्रीच्या गाडीने हैदराबादला सहलीला जायचे होते. तेव्हा निघण्यापूर्वी उत्तर शोधणे आले.

शोधता शोधता लक्षात आले की रेल्वेत झोप ही सुद्धा वर्गवार वाटलेली होती. पहिल्या वर्गात गादीचे आसन, आडवे व्हायला जागा. तिसऱ्या वर्गात लाकडी बाक आणि त्यावर कोंबलेली माणसे. गंमत अशी, की रेल्वेला प्रवासी भाड्याचे बहुतेक उत्पन्न मिळे ते याच तिसऱ्या वर्गाच्या खिशातून.

या वर्गाची दाद लावून धरली ती गांधीजींनी. १९०२ साली ते कलकत्त्याहून राजकोटला तिसऱ्या वर्गाने निघाले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले त्यांना निरोप द्यायला मुद्दाम स्टेशनावर आले. येताना पुऱ्या आणि लाडू भरलेला डबाही त्यांनी आणला होता. पुढे सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गावर एक लेख लिहिला. त्यात त्यांच्या मुंबई-मद्रास प्रवासाची हकिकत आहे. तिकीट १३ रुपये ९ आणे. डब्यावर २२ माणसांची पाटी, तीही फक्त बसण्यापुरती. धड आडवे होता येईल अशी फळी नाही, आणि वाटेत दोन रात्री! रायचूरनंतर गर्दी असह्य झाली. दोन-तीन हट्टी प्रवासी सोडले तर सगळ्यांनी बसल्या बसल्याच डुलक्या काढल्या. पहिल्या वर्गाचे भाडे पाचपटींहून जास्त होते. मग तिसऱ्या वर्गाला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी तरी सोय मिळते का, असा गांधीजींचा सरळ हिशेब होता.

त्याच काळात अनेक स्टेशनांवर 'हिंदू पानी' आणि 'मुस्लिम पानी' अशी वेगळी हाक ऐकू येई. म्हणजे फलाटावर उतरले की घडे वेगळे. डब्यात परतले की मात्र एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचे डुलणारे डोके! तिसऱ्या वर्गातल्या झोपेने जात-धर्म विचारला नाही. तिला जागाच नव्हती, मग ती विचारणार काय?

स्वातंत्र्य आले तरी लाकडी फळी काही लगेच गेली नाही. शयनयानाचे डबे आले, तीन मजली फळ्या आल्या. १९७४ साली 'तिसरा वर्ग' हे नाव रद्द होऊन 'दुसरा वर्ग' झाले. नाव बदलले, पाठीला टोचणारे लाकूड तेच राहिले. ते बदलायला १९७७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आपल्या कोकणातल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, वृत्तीने समाजवादी. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचे, ही त्यांची भूमिका. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिच्यात पहिला वर्गच नव्हता. आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दंडवत्यांनी दोन इंच जाडीचा फोम बसवायला सुरुवात केली. पुढे तो हळूहळू देशभरच्या गाड्यांत पोहोचला. मोठमोठे जाहीरनामे विसरले जातात. हे दोन इंच रोज रात्री लाखो पाठींना आठवतात.

पण नीज काही केवळ गादीवर येत नाही. तिला भरवसा लागतो. आमच्या लहानपणी डब्याच्या दाराशी आरक्षणाची यादी चिकटवलेली असे. नाव, वय, स्त्री की पुरुष. अब्बा बोट फिरवीत आमची नावे शोधीत, आणि मागे उभे असलेले लोकही ती वाचीत. १९९२-९३ नंतरची ती वर्षे. गाडी सुटली की अम्मी हळूच बजावी, "यहाँ अब्बा-अम्मी मत बोलना, पप्पा-मम्मी बोलना." आम्ही तसेच बोलत असू. अम्मी मात्र रात्रभर टक्क जागी असे. फोम होता, झोप नव्हती.

२०१८ साली मोठ्या स्थानकांवर डब्यांना यादी चिकटवणे रेल्वेने बंद केले. कारण कागदाच्या बचतीचे होते. आम्हांला अम्मी आठवली. मात्र ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत गोळीबार झाला. चार माणसे मेली, त्यांत तीन मुस्लिम प्रवासी. आरोपी रेल्वे सुरक्षा दलाचाच जवान. म्हणूनच सहलीच्या पालकसभेत एका आईने विचारले, "सर, रात की गाडी क्यों?" तेव्हा आम्ही तिला भित्री म्हटले नाही. एवढेच म्हणालो, "हम साथ हैं."

गाडी निघाली. एका डब्यात ७२ बर्थ. त्यांत आमची मुले आणि बाकी नांदेड, परभणीकडचे लोक. खाणे उरकले आणि मधल्या बर्थचा प्रश्न आला. हा बर्थ म्हणजे नागरिकशास्त्राचा अख्खा धडा. खालच्याने उठल्याशिवाय तो उघडत नाही आणि मधला उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही. २०१७ पासूनच्या नियमाने रात्री १० ते सकाळी ६ ही झोपेची वेळ. पण नियमपुस्तक कोण उघडतो? समोरच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "गुरुजी, पोरं पेंगायलीत, उघडा बर्थ." साखळ्या अडकल्या, दिवे मालवले.

गेल्या काही वर्षांत अनेक गाड्यांतले स्लीपरचे डबे घटले आणि वातानुकूलित डबे वाढले. स्लीपरचे तिकीट मिळाले नाही तर गरीब मुसाफिर जनरल डब्यात जातो, आणि १९१७ च्या त्या प्रवाशांसारखा बसून डुलक्या काढतो. इतिहास असा उलटा चालू नये.

आम्ही हजेरीपट घेऊन जागे राहायचे ठरवले होते. मुले मोजली, चपला मोजल्या. प्रश्न विचारणारी ती मुलगी मधल्या बर्थवर गाढ झोपली होती, एक हात बाहेर लोंबकळत. तिला सांगायचे उत्तर तयार होते: "बेटा, लोग बैठे बैठे सोते थे." जालना गेलेले आठवते. परभणी कधी आले ते कळलेच नाही. आमचाही डोळा लागला होता.