ध्रुवीय हिम आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ : क्लेअर पॅटरसन यांचे शिशाविषयीचे संशोधन

पाण्यात एखादे द्रव्य किती आहे हे मोजता येते. ते किती असावयास हवे होते, हा प्रश्न मात्र निराळा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर उपकरणे देतात. दुसऱ्याचे उत्तर इतिहासाचा आश्रय घेतल्याखेरीज मिळत नाही. हा भेद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या संशोधनामुळे सर्वांत स्पष्टपणे पुढे आला, ते अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन (१९२२–१९९५) यांचे शिशासंबंधीचे संशोधन होय.

या संशोधनाचा उगम अगदी वेगळ्या जिज्ञासेत आहे. शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत असता पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय ठरविण्याचा प्रश्न हाती घेतला. युरेनियमच्या ऱ्हासातून शेवटी शिसे उरते. म्हणून खनिजांतील व अशनींतील शिशाच्या समस्थानिकांचे परस्परप्रमाण कळले की कालगणना करता येते. परंतु प्रत्येक मोजणीत अपेक्षेहून कितीतरी अधिक शिसे आढळू लागले. ते नमुन्यातील नसून काचपात्रे, रासायनिक द्रव्ये, हवेतील धूळ आणि खुद्द संशोधकाची त्वचा व केस यांतून येत होते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गेल्यावर पॅटरसन यांनी गाळलेल्या हवेची व आम्लाने धुतलेल्या पात्रांची प्रयोगशाळा उभारली, आणि १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यात ७ कोटी वर्षांची चूक संभवते, असेही त्यांनी नमूद केले. मूळ प्रश्न सुटला. पण मोजणीच्या आड येणारी ती अशुद्धी आता स्वतंत्र चिंतनाचा विषय बनली. प्रयोगशाळेबाहेरच्या जगात इतके शिसे आले कोठून?

पहिला पुरावा समुद्राने दिला. तात्सुमोतो यांच्या सहकार्याने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, अटलांटिक व भूमध्य समुद्रांच्या पृष्ठभागाजवळील पाण्यात खोल पाण्यापेक्षा शिशाचे प्रमाण बरेच अधिक असल्याचे दिसून आले. समुद्राचे पाणी वरून खाली मिसळण्यास शतके लागतात. अर्थात वरच्या थरातील अधिक शिसे अलीकडच्या काळात तेथे पोचले असले पाहिजे. ते हवेतून येत असावे, असा संशय स्वाभाविक होता. कारण कॅलिफोर्नियातील पर्वतावर पडलेल्या ताज्या बर्फातही शिसे विपुल होते. १९२३ पासून मोटारींच्या पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळले जात होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

या मताला प्रस्थापित वैद्यकीय मत प्रतिकूल होते. इथिल कंपनीचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट केहो यांनी दीर्घकाळ असे प्रतिपादन केले होते की, मनुष्यदेहात शिसे असणे स्वाभाविक आहे, आणि विशिष्ट मर्यादेखाली ते निरुपद्रवी होय. कारखान्यांपासून दूर असलेल्या मेक्सिकोतील खेड्यांतील लोकांच्या देहांतही शिसे सापडते, हा त्यांचा एक प्रमुख आधार होता. पॅटरसन यांनी १९६५ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात नेमका हाच आधार तपासला. सर्वत्र आढळते ते ‘सामान्य’ म्हणता येईल. ‘नैसर्गिक’ म्हणता येणार नाही. तुलनेसाठी निवडलेली माणसे त्याच दूषित जगात राहणारी असतील, तर त्या तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही. एखाद्या ग्रंथाची उपलब्ध हस्तलिखिते एकाच भ्रष्ट प्रतीवरून उतरलेली असली, तर त्यांच्या एकमताने मूळ पाठ सिद्ध होत नाही, त्यातलाच हा प्रकार. शिलांतील शिशाच्या प्रमाणावरून हिशेब करून त्यांनी असे अनुमान काढले की, तत्कालीन अमेरिकन मनुष्याच्या देहातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभर पट होते. १९६६ साली सिनेटर मस्की यांच्या उपसमितीपुढे केहो व पॅटरसन या दोघांच्याही साक्षी झाल्या. परंतु शंभर पटीचा आकडा अखेर अनुमानाचाच होता. त्याला प्रत्यक्ष प्रमाण हवे होते.

निष्कलंक असा प्रदेश पृथ्वीवर उरला नसेल, तर निष्कलंक काळ शोधला पाहिजे, हे पॅटरसन यांच्या विचाराचे मर्म होते. ध्रुवप्रदेशात दरवर्षी पडणारे हिम वितळत नाही. वरच्या थरांच्या भाराखाली दबून त्याचा बर्फ होतो. अशा रीतीने थरावर थर साचून त्या त्या वर्षीच्या हवेची नोंद तेथे जतन होते. ग्रीनलंडमधील कॅम्प सेंच्युरीच्या परिसरातून व अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातून प्लॅस्टिकचे पोशाख व हातमोजे घालून बर्फाचे मोठे ठोकळे काढण्यात आले. मुरोझुमी, चाऊ व पॅटरसन यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे : ग्रीनलंडच्या इ. स. पूर्व ८०० च्या सुमाराच्या बर्फात किलोग्रॅममागे ०.००१ मायक्रोग्रॅमहूनही कमी शिसे होते. १९६५ च्या थरात ते ०.२ मायक्रोग्रॅमच्या वर गेले होते. म्हणजे ही वाढ दोनशे पटींहून अधिक. त्यातही सर्वांत तीव्र चढ १९४० नंतरचा होता. अंटार्क्टिकात हे प्रमाण पुष्कळच कमी भरले. धातूंचे कारखाने व मोटारी मुख्यतः उत्तर गोलार्धात असल्याने ते अपेक्षितच होते.

आपल्याच मोजणीवर अविश्वास दाखविण्याची वृत्ती पुढेही कायम राहिली. नमुना काढताना लागलेले शिसे बर्फाच्या आत शिरते, हे ओळखून पॅटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून आत एकेक पापुद्रा तासून प्रत्येकाची स्वतंत्र मोजणी केली. गाभ्याकडे आकडा स्थिरावला तरच तो ग्राह्य मानला. याच काटेकोर पद्धतीमुळे १९९४ साली, ग्रीक व रोमन काळातील धातूकामामुळे ग्रीनलंडच्या बर्फातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे चौपट झाले होते, हे दाखविता आले. दूषणाचा इतिहास केवळ यंत्रयुगाचा नाही, हे त्यावरून कळून आले.

या मताचा स्वीकार मंदगतीने झाला. १९७१ साली नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या हवेतील शिशाविषयीच्या समितीत पॅटरसन यांना स्थान मिळाले नाही. नंतरच्या समितीत ते मिळाले, तेव्हा १९८० च्या अहवालात त्यांना बहुमताहून वेगळे असे आपले मत स्वतंत्रपणे नोंदवावे लागले. तथापि कायदे बदलत गेले. १९७६–८० ते १९८८–९१ या अवधीत अमेरिकन लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी १२.८ वरून २.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आली. ग्रीनलंडच्या ताज्या हिमातील शिसे वीस वर्षांत साडेसात पटींनी घटल्याचे १९९१ मध्ये आढळले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. २०२१ मध्ये अल्जीरियाने ती थांबविल्यावर रस्त्यावरील वाहनांसाठी जगात कोठेही असे पेट्रोल विकले जाईनासे झाले.

जलशुद्धतेची मानके ठरविताना ‘सरासरी’, ‘सामान्य’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. पॅटरसन यांच्या संशोधनाने या शब्दांमधील अंतर आकड्यांनी दाखवून दिले. ज्याची सवय झाली ते निसर्गदत्तच असते असे नाही, याची साक्ष मनुष्यापासून दूरच्या हिमस्तरांनी दिली. परंतु ती साक्ष ऐकू येण्यासाठी संशोधकाला आधी स्वतःचे हात स्वच्छ करावे लागले होते.